धोंडा की कातळ

वाचनालयाची जुनी इमारत एका अंगाला चार बोटं कलली होती. तिच्या पायाखाली बारीक खांब घालून तिला सावरायचं काम सूनबाईच्या टोळीकडे आलं. वीतभर रुंदीचं भोक खडकापर्यंत पाडायचं, त्यात लोखंडी सळई उभी करायची आणि पातळ सिमेंट भरायचं. ड्रिलची मुख्य म्हणून तिची ही पहिलीच खेप. मशीन एवढं आटोपशीर, की दारातून आत येऊन पुस्तकांच्या कपाटांमध्ये उभं राहिलं.

सासऱ्यांनी जन्मभर विहिरी खणल्या होत्या. घरी बसून अंग आंबतं म्हणून ते सुनेचा डबा घेऊन आले आणि तिथेच खुर्ची ओढून बसले.

"दाभणाने टोचून घर सावरतं होय?"

"बघाच तुम्ही, बाबा."

चोवीस फुटांवर ड्रिल करकरलं. सुनेचा चेहरा खुलला. जमीन तपासणीच्या अहवालात खडक चाळीस फुटांच्या खाली लिहिला होता, पण कामावरचा इंजिनिअर म्हणाला, "इथे वर आला असेल. तरी पाच फूट कापून खात्री कर."

दोन फूट कापेपर्यंतच घाम फुटला. "एवढा टणक आहे, आता बास झालं की," ती म्हणाली.

सासरे उठले. भोकातून वर येणाऱ्या गढूळ पाण्यात हात घालून त्यांनी दगडाची एक कपची काढली.

"ही बाजू गुळगुळीत आहे बघ. पाण्याने घासलेली. हा धोंडा आहे, सूनबाई. हा पाहुणा, घरमालक खाली आहे."

चारचौघांत ऐकावं लागलं म्हणून तिला जरा झोंबलं. पण तिने ड्रिलचा दांडा दाबला. सत्तावीस फुटांवर ड्रिल लोण्यात सुरी जावी तसं सर्रकन खाली गेलं. धोंड्याखाली नुसता चिखल होता. पहिली हसली ती सूनच.

त्रेचाळीस फुटांवर पुन्हा करकर झाली. या वेळी कपची तिने स्वतः उचलली. सगळ्या कडा धारदार होत्या. तिने ती सासऱ्यांपुढे धरली.

"घरमालक?"

"घरमालक," ते म्हणाले. तिने पुरते पाच फूट कापले, मगच मशीन थांबवलं.

"एवढ्याला मला दोन महिने लागायचे. तुझं दाभण बरं आहे."

दुसऱ्या भोकाच्या वेळी इंजिनिअरची परवानगी काढून तिने सासऱ्यांचा हात दांड्यावर ठेवला.

"हलक्या हाताने, बाबा."

"मला शिकवतेस?"

"हो."

त्यांनी हात हलका केला.