धाकटी झालेली ताई

ताई दुकानाच्या दारात उभी राहिली आणि धाकटीच्या हातातली कात्री जागच्या जागी थांबली. ताई निघाली तेव्हा एकोणतीस वर्षांची होती, धाकटी तेवीसची. आता धाकटी त्रेसष्ट वर्षांची, डोक्यावर एक काळा केस नाही. आणि ताई पस्तिशीची! अंतराळयानातली हवा शुद्ध ठेवणारी यंत्रं सांभाळायला ती गेली होती. वीस प्रकाशवर्षं दूरच्या ताऱ्यापर्यंत, आणि परत. इथे चाळीस वर्षं उलटली, यानात सहाच.

बाहीचं माप द्यायला आलेल्या बाईंनी कौतुकानं विचारलं, "लेक वाटतं?"

"थोरली बहीण," धाकटी म्हणाली. बाई हसत हसत गेल्या.

"हे होतं तरी कसं गं?" धाकटीनं चहा ओतता ओतता विचारलं.

"प्रकाशाच्या जवळपास वेगानं निघालं की आमचा वेळ तुमच्यापेक्षा हळू सरतो. आणि पुढचा रस्ताच आखूड होतो. ते विसाचं अंतर आम्हाला तीनच पडलं."

"धुतल्यावर कापड आटतं तसं?"

"तसंच समज. पण फक्त आमच्यापुरतं. तुम्ही इथून मापाल तर ते वीसच भरणार."

मग ताईला शिलाई मशीनच्या खणात आईचा चष्मा दिसला आणि तिचा बांध फुटला. आईला जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती. पण ती बातमी पळत्या यानाला उशिरा गाठू शकली. ताईच्या लेखी आई गेल्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. धाकटी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आपले डोळे कोरडेच आहेत, याची तिला लाज वाटली.

"मी कधीच रडून मोकळी झाले, ताई. खरं सांगू? आता मला तिचा आवाजसुद्धा आठवत नाही."

ताईनं नाक पुसलं. मान जराशी तिरकी करून ती कडाडली, "चिंगेऽ, टाचण्या तोंडात धरू नकोस म्हणून कितीदा सांगायचं गं तुला!"

आईचाच सूर. शेवटच्या 'तुला'वर तोच हेल.

"पुन्हा म्हण," धाकटी कशीबशी म्हणाली. आता तिलाही रडू आवरेना.

ताई तिथेच राहिली. वेळेवर जेव, गोळी घे, असे हुकूम सोडायची. आणि पांढऱ्या केसांची धाकटी ते मुकाट ऐकायची.