वाट्याचा कोला

त्या दिवशी बोलायची पाळी नकानीची होती. मकूराबाईंचा हा वर्ग इंग्रजी चांगलं मुरलेल्यांचा. व्याकरण कधीच मागे पडलेलं, आता नुसतं बोलायचं. फळ्यावर विषय होता: बाटलीतल्या काळ्या पेयाची जन्मकथा.

नकानी उभी राहिली आणि झऱ्यासारखी वाहू लागली. आपल्या कांकान गावाच्या दक्षिणेचं रान, रानातला सुपारीसारखा कडवट कोला, तो चघळून भूक मारणारे वाटसरू. मग जहाजं, दर्या, आणि पलीकडच्या किनाऱ्यावर साखरेच्या पाकात त्याचा अर्क घोळवणारा औषधवाला.

"मग आमचंच फळ बर्फात घालून आम्हालाच विकायला आलं," ती इंग्रजीत म्हणाली. "कडू तेवढं वाटेत सांडून आलं."

"येताना नाव नाही बदललं, तेवढे उपकार!" टपाल कचेरीतला सेकू म्हणाला. वर्ग हसला.

बाईंचा जीव सुपाएवढा झाला. पुढच्या महिन्यात ही पोर दुभाष्याचं काम शिकायला परदेशी, अक्राला जायची होती. तिच्यासाठी शब्द बाईंनीच टाकला होता.

तेवढ्यात दारात निळा झगा सळसळला. नकानीची आत्या, सारान. हातात पानांची पुडी. नकानी बोलणं अर्ध्यावर सोडून खाली बसली.

"तुमचा वाटा घ्या, बाई. सिगिरीच्या सोनेवाल्याकडून पोरीसाठी मागणीचा कोला आला, माझ्या भावानं घेतला, लग्न ठरलं. तुम्ही तिच्या घरच्या थोरल्यांसारख्या, तुम्हाला वगळून कसं चालेल?"

"आत्याबाई, तिला अक्राला जायचंय."

"ठाऊक आहे हो. नवरा पाठवेल की, त्याच्या मनात आलं तर."

"तिला विचारलंत?"

"मला कुणी विचारलं होतं? तुम्हाला विचारलं होतं?" आत्या हसली. पुडी सोडता सोडता गुणगुणली,

*पांढरा गं कोला, हिरव्या पानात*
*दारी आला त्याला, नाही म्हणू नये*

बाईंनी हात मागे घेतले. "मी नाही घेणार."

दारी आलेला कोला असा कुणी परतवत नाही. आत्या रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं बाईंकडे मायेनंच पाहिलं.

"नका घेऊ. सकाळीच मशिदीच्या अंगणात फोडलाय, सगळ्या आळीनं खाल्लाय. तुम्ही नाही म्हटल्यानं फुटलेला कोला जुळतो थोडाच?"

कोलाची फिकट पाकळी तिनं टेबलावर ठेवली आणि जाता जाता हात पसरले. "अल्ला दोघांचं घर भरो."

"आमीन," अख्खा वर्ग म्हणाला. आईच्या दुधातून आलेली सवय ती. सेकूनं मग जीभ चावली. बाईंच्याही तोंडून शब्द निसटला होता. त्यांनी नकानीकडे पाहिलं. तिचेही ओठ हलले होते.

नकानी उठली. "बाई, माझं बोलणं अर्धं राहिलंय. पुरं करू?"

बाईंनी मान हलवली.

ती बोलू लागली, नितळ इंग्रजीत, शेवटापर्यंत. बाई खडू हातात धरून एखादी तरी चूक शोधत होत्या. दुरुस्त करण्याजोगं काहीच सापडेना.