कुंकवाचं बोट लागलेली प्रवेशिका

मित्रांनो, जुनी म्हणवून घेण्याइतकं माझं वय झालेलं नाही. पण तिकिटाला म्हातारपण एका संध्याकाळीच येतं. माझ्या अंगावर 'प्रवेशिका' असं छापलं आहे. लोक मात्र मला तिकीटच म्हणतात. धामणगाव बढ्याला, वच्छलाबाईंच्या देव्हाऱ्याखालच्या खणात, कुंकवाच्या कोयरीशेजारी मी असते. खण क्वचित उघडतो. उघडला की कापराचा वास हलतो आणि मला सगळं पुन्हा दिसू लागतं, पाण्याखालून दिसावं तसं.

माझा जन्म बुलढाण्यातल्या एका छापखान्यात झाला. माझ्यावर गायिकेचं नाव उमटलं, रांग आणि खुर्ची उमटली आणि कोपऱ्यात काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन उमटला. त्याला कोड म्हणतात. फाटकावरचं यंत्र तो वाचतं, आणि एकदाच वाचतं. मला वाटायचं, त्या ठिपक्यांत गाणंच घडी घालून ठेवलं आहे.

मला आणि माझ्या बहिणीला, म्हणजे शेजारच्या खुर्चीच्या तिकिटाला, चंद्रशेखर नावाच्या गृहस्थांनी विकत घेतलं. त्यांचं जळगाव जामोदला बियाण्यांचं दुकान होतं. त्यांच्या पत्नीनं आम्हांला साड्यांच्या घडीत ठेवलं. पुढे त्यांच्या मुलीच्या बाळंतपणाची तारीख नेमकी मैफलीवर येऊन टेकली आणि घर आम्हांला विसरलं. अंधारात मी पडून राहायचे. सातपुड्याकडचा वारा कपाटाच्या फटीतून आला की वाटायचं, कुणी तरी आलाप घेत आहे.

तिकडे धामणगाव बढ्याला वच्छलाबाईंनी एक हट्ट धरला होता. त्यांचा भाजीपाल्याचा मळा. मेथीच्या जुड्या बांधताना त्यांनी वर्षानुवर्षं रेडिओवर या गायिकेला ऐकलं होतं. आता त्यांचा श्वास पुरेनासा झाला होता. डॉक्टरांनी काय सांगितलं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लेकीला त्या एवढंच म्हणाल्या, "वंदे, मले तिले एकदा समोरून आयकाचं हाय."

वंदना नांदुऱ्याच्या शाळेत शिक्षिका. तिनं चौकशी केली तेव्हा सगळी तिकिटं संपली होती. मग कुणी तरी मोबाईलवरून एका तिकिटाचा फोटो धाडला आणि लगेच पैसे टाका म्हणाला, मागे आणखी लोक उभे आहेत. आईच्या श्वासाकडे पाहून वंदनाचं बोट पैसे धाडायच्या बटणावर क्षणभर थांबलं, टेकलंही असतं. पण तिनं त्याला विचारलं, कुठे भेटता? त्यानंतर तो माणूस बोललाच नाही.

मग आपली दोन तिकिटं विकायची आहेत, असं कळवणारे चंद्रशेखर तिला सापडले; त्यांनी मात्र भेटायला होकार दिला. नांदुऱ्याच्या स्टेशनवर, माणसांच्या वर्दळीत, एका बाकावर त्यांनी मला आणि बहिणीला तिच्या हाती ठेवलं. तिनं मला उलटून पालटून पाहिलं. त्यांच्या मोबाईलवरचा बुकिंगचा मेसेज मागितला आणि त्यावरची खुर्ची माझ्यावरच्या खुर्चीशी ताडून पाहिली. आयोजकांच्या कार्यालयात फोन लावून, तिकीट दुसऱ्याच्या नावे चालतं का, तेही विचारून घेतलं. इतकं विचारताना ती संकोचली होती.

"इचारा ताई," ते म्हणाले. "न इचारता घेतलं असतं तं मलेच भेव वाटलं असतं."

छापलेल्या किमतीवर त्यांनी काही वाढवलं नाही. पैसे ज्या नावावर गेले तेच नाव मेसेजमध्ये होतं. गाडीची घोषणा झाली तसे ते उठले आणि माझ्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाले, "याचा फोटो कोनाले धाडू नका. हे किल्ली हाय."

वंदनानं तो शब्द पाळला. पण मित्रांनो, किल्ली एकट्याच्या हाती राहत नाही.

त्या घरात नवी वस्तू आली की, मग तो फवारणीचा पंप असो की मोबाईल, आधी देवापुढे जायची. वच्छलाबाईंनी पाटावर आम्हां दोघींना ठेवलं. मी वर, बहीण खाली. चौकोन सोडून माझ्या कोऱ्या कडेला त्यांनी हळद लावली आणि कुंकवाचं बोट टेकवलं. बोट जरा थरथरलं, म्हणून तो ठिपका गोल न होता लांबट झाला. समोर दिवा होता, फूल होतं. मला देवासारखं वाटत होतं. त्यांचा मुलगा दीपक हरखून गेला. त्यानं फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला: माझी माय गाणं ऐकायला चालली. फोटो काढताना मला काही दुखलं नाही. म्हणूनच मला काही कळलं नाही.

मैफलीच्या संध्याकाळी दीपकनं मायलेकींना बुलढाण्याला फाटकापाशी सोडलं आणि तो गाडी लावायला गेला. आतून तानपुरे जुळवल्याचा आवाज येत होता. वच्छलाबाई लेकीच्या खांद्याला धरून उभ्या होत्या. यंत्रानं माझ्या बहिणीला आत घेतलं. माझ्यावर ते किरकिरलं.

फाटकावरचा तरुण म्हणाला, "मावशी, हे तिकीट तं आंधीच आत गेलं."

"असं कसं बे? मी तं भाईरच उभी हाय."

तो हसला, पण सोडेना. वंदनाचा चेहरा उतरला. तिनं चंद्रशेखरांना फोन लावला. ते दवाखान्यात होते, तरी तिथूनच त्यांनी बुकिंगचा मेसेज धाडला. आयोजकांपैकी मंजुश्री नावाच्या बाई आल्या. त्यांनी तो वाचला आणि दोघींना आत, माझ्या खुर्चीपाशी नेलं.

तिथे अपेक्षा नावाची एक कॉलेजातली मुलगी बसली होती. तिच्या हातात मीच होते. तोच चौकोन, तीच खुर्ची, तोच लांबट कुंकवाचा ठिपका. स्वप्नात आपणच आपल्याला भेटावं तसं मला झालं. मंजुश्रीबाईंनी तिच्या कागदावरच्या ठिपक्यावर अंगठा फिरवला. अंगठा कोराच राहिला. मग माझ्यावर हलकेच फिरवला, आणि तो लाल झाला.

वंदना त्या लाल अंगठ्याकडे पाहत राहिली. दीपकचा फोटो कुठून कुठे गेला, ते तिला न सांगता समजलं. मुलीनं अनोळखी माणसाकडून तो मोबाईलवर पैसे देऊन घेतला होता आणि रंगीत छापून आणला होता. कुंकू पाहूनच तिकीट खरं वाटलं, असं ती पुटपुटली आणि ओढणी सावरत उठू लागली.

वच्छलाबाईंना धाप लागली होती. तरी त्या म्हणाल्या, "तिले काऊन उठोता? तिनं का चोरलं? फसलं लेकरू." आणि मुलीकडे वळून, "सरक माय जराशी. माही खुर्ची हे, तुही ते."

ती दुसरी खुर्ची वंदनाची होती. मंजुश्रीबाईंनी होकार दिला तशी वंदना जाऊन कडेच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

मग गाणं सुरू झालं. मी वच्छलाबाईंच्या मुठीत होते. सूर चढला की मूठ घट्ट व्हायची, उतरला की सैल. मध्येच त्यांची बोटं जुडी बांधावी तशी माझ्याभोवती फिरत. भिंतीपासून वंदनाला गायिका नीट दिसत नव्हती. आईचा चेहरा दिसत होता, आणि ती शेवटपर्यंत तोच पाहत होती.

परतीच्या वाटेवर वंदनानं दीपकला त्या फोटोचं सांगितलं. वच्छलाबाई त्याला म्हणाल्या, "तोंड काऊन पाडलं बे? गानं तं झालं ना."

पुढच्या मेथीला जुड्या बांधायला त्या नव्हत्या.

मित्रांनो, माझं एक ऐका. कुणाकडून तिकीट घ्याल तेव्हा माणूस समोर पाहा आणि मूळ बुकिंग पाहा. विचारायला लाजू नका. खऱ्या माणसाला राग येत नाही. आणि आनंद झाला तर घरात वाटा, पण माझ्यासारखीचा चौकोन जगाला दाखवू नका. तुमच्या आनंदाचा फोटो धरून दुसरंच कुणी तरी लेकरू फाटकात उभं राहतं.

वंदना सुट्टीत येते. खण उघडते, मला तळहातावर घेते आणि खिडकीपाशी नेते. कुंकू थोडं फिकटलं आहे; मंजुश्रीबाईंचा अंगठा फिरला तिथे तर उरलंच नाही. पण एका कडेला वच्छलाबाईंच्या बोटाच्या रेषा अजून दिसतात. वंदनाचा अंगठा त्या रेषांच्या अगदी जवळ येतो आणि तिथेच थांबतो.

तिला ठाऊक आहे, खरं कुंकू हाताला लागतं.