फटीचे माप राखणारा ठोकळा

जे डोळ्यांना दिसते त्याची स्तुती होते, आणि ज्याच्या मापामुळे ते योग्य जागी उभे राहते त्याचा विसर पडतो. विसरलेल्याच्या मनात मग असूया शिरते. असूया ही वाळवीसारखी असते. बाहेरचा रंग तसाच राहतो, आतला गाभा मात्र खाल्ला जातो.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. मला ना नक्षी, ना झळाळी. एका सुताराने तुळईच्या उरलेल्या तुकड्यातून मला कापले आणि रंधा मारून माझी रुंदी ठरवली. लहान बाळाचे डोके ज्यातून जाणार नाही, एवढीच ती रुंदी. जिन्याच्या कठड्याला उभे दांडे लावताना सुतार मला दोन दांड्यांच्या मध्ये धरी. पुढचा दांडा मला टेकला की तो पक्का करावा आणि मला काढून घ्यावे, हा क्रम. मी जिथे जिथे उभा राहिलो, तिथे शेवटी पोकळीच उरली.

दांड्यांचे भाग्य निराळे. सुताराची पत्नी कातारीण होती. ती लाकूड यंत्रावर फिरवून त्यांना घाट देई: पायथा चौकोनी, माथ्यावर कलश, मध्ये बारीक कंबर. येणारा-जाणारा त्यांना कुरवाळी. माझ्यावरून हात फिरला तो केवळ भुसा झटकण्यासाठी.

एकदा एका घराच्या नव्या जिन्याचे काम आले. त्या घरात एक आजी होत्या आणि नुकतीच पावले टाकू लागलेली त्यांची नात. आजींनी बजावले, "सुतारदादा, कठडा दिसायला कसाही असू दे. माझी छकुली त्यातून पडता कामा नये."

सुतार हिशेबाला बसला. खालच्या खांबापासून वरच्या खांबापर्यंतचे अंतर घेऊन, एका दांड्याची जाडी आणि माझी रुंदी यांची जोडी त्यात कशी बसते ते त्याने पाहिले. "एकोणीस दांडे," तो म्हणाला, "आणि फटी वीस. दोन्ही टोकांना खांब असले की फटी एकीने जास्तच."

माझा ऊर भरून आला. हिशेबात तरी मी त्यांच्याहून एकाने मोठा होतो! पण कठडा उभा राहिला आणि शेजाऱ्यांनी कौतुक केले ते त्या कमरांचेच. "या खेपेला आणखी नाजूक घेतल्यात मी," कातारीण हरखून म्हणाली. वरच्या पायरीवर पडल्या पडल्या माझा जळफळाट होत होता.

तिथेच मी छकुलीच्या हाती लागलो. तिने मला दांड्यांच्या पायथ्याशी फटीत सारले. मी घट्ट अडकलो. तिने मला उपसून वर, कमरेपाशी सारले. तिथे मी सैल पडलो, आरपार गेलो आणि खाली फरशीवर आदळलो. मी कुठे गेलो हे पाहण्यासाठी तिनेही तिथेच डोके घातले. कपाळ शिरले, कान तेवढे बाहेर होते.

"अगं बाई!" आजींनी झग्याला धरून तिला मागे ओढले. छकुलीने भोकाड पसरले, ते मात्र ठोकळा गेला म्हणून.

सुतार नि कातारीण धावत आले.

"अहो, जाडी कुठे मोजलीत तुम्ही?"

"पायथ्याला. नेहमी तिथेच मोजतो."

"आणि कंबर?"

"ती तू कोरतेस, मला काय विचारतेस!"

"म्हणजे खापर माझ्यावरच?"

आजी म्हणाल्या, "खापर मागाहून अर्धं अर्धं वाटून घ्या. आधी फट मोजा."

मला खालून आणून कमरेपाशी धरले, तर दोन्ही बाजूंना बोट शिरत होते. सुतार खाली मान घालून नव्याने हिशेब करू लागला. आता दांडा जिथे सर्वांत बारीक, तिथली फट माझ्याहून अरुंद हवी होती. "तेवीस दांडे," तो अखेर म्हणाला, "फटी चोवीस."

मित्रांनो, दैवाची थट्टा पाहा. त्यांचे वैगुण्य मी उघडे केले आणि फळ काय, तर त्यांचीच संख्या वाढली! एवढेच नव्हे, पायथ्याशी आता मी मावत नव्हतो, म्हणून तिथे धरण्यासाठी सुताराने एक नवा, बारका ठोकळा कापला. तोही डोळ्यांत सलला. पण काम संपल्यावर आजींनी मलाच मागून घेतले आणि प्रत्येक फटीत स्वतः सारून पाहिले. मी एकीतूनही गेलो नाही. "आता माझा जीव भांड्यात पडला," असे म्हणून त्यांनी क्षणभर मला छातीशी धरले. असे कोणत्या दांड्याला धरले होते?

आज छकुली मोठी झाली आहे. मी त्याच घराच्या खिडकीत धूळ खात असतो, आणि जिना चढणारे अजूनही दांड्यांनाच कुरवाळतात. अजूनही मला ते सोसत नाही. माझी एवढीच विनवणी आहे: सुंदर वस्तू जरूर घडवा, पण तिचे माप तिच्या सर्वांत नाजूक जागी घ्या, आणि माप देणाऱ्यावरची धूळ अधूनमधून पुसा.

छकुलीची पावले सदैव स्थिर पडोत. सुताराची नजर आणि कातारिणीचा हात एकमेकांना धरून राहोत. आणि त्या देखण्या दांड्यांना, त्या तेवीसही जणांना, कधी वाळवी न लागो.