ग्यानबाची जबानी

फोटोत माझ्या नवऱ्याचं, ग्यानबाचं, तोंड झाकलं म्हून ती पोरगी लय खूश व्हती. आन् मागच्या मेंढ्या तशाच उघड्या ठिवल्या. आता काय बोलावं तिला!

अबोली नाव तिचं. परभणीच्या कॉलेजात वकिलीचं शिकायलीय. मानवी हक्काच्या कुठल्याशा संस्थेत सुट्टीपुरती इंटर्नशिप करायली व्हती. मेंढपाळांना कोण मारतंय, कामून मारतंय, ते इचारून लिहायचं. पोरगी गोड. आमच्यात बसून भाकर खाल्ली, म्हून तर ग्यानबा बोलला. गायरानात मेंढ्या घातल्या म्हून, ते बळकावून बसलेल्या जमीनदार दत्तरावाच्या माणसांनी त्याचा हात मोडला, हे त्यानं माझ्या भावालाबी सांगितलं नव्हतं.

"नाव येणार नाही काका, चेहरा दिसणार नाही," अबोली म्हणली. तसंच केलं तिनं. पण फोटोत मेंढ्यांच्या पाठीवरचा आमचा निळा पट्टा लख्ख दिसायलाय. राणीसावरगावापासून गंगाखेडापस्तोर शेंबडं पोर सांगंल, निळा पट्टा म्हंजे ग्यानबाचा कळप.

संस्थेचा अहवाल फोटोसकट मोबाइलवर फिरला. कुणी भांडलं न्हाई, कुणी शिवी दिली न्हाई. तेच वंगाळ. खतासाठी आमच्या रानात मेंढ्या बसवा म्हून मागं लागणारे शेतकरी एकाएकी "औंदा नको" म्हणायले. रस्त्यात दिसले की नजर चुकवायले.

मग दत्तरावाचा गडी लिंबाजी आला, हसत. "मालक म्हणले, आमच्या रानात बसवा मेंढ्या. ग्यानबानं एकट्यानं यावं. बाई-लेकरांना खामखा तरास कामून?"

माझा जीव थाऱ्यावर नव्हता. जाऊ नको म्हणले मी ग्यानबाला. त्यो म्हणला, "न्हाई गेलो तर मीच बोललो असं व्हतंय." आन् गेला कळप घेऊन.

मी अबोलीला फोन लावला. पट्ट्याचं सांगितलं तवा तिनं फोटो उघडून बघितला. मग रडायली. "मावशी, मी संस्थेच्या सरांना सांगते, फोटो काढून टाकायला लावते." आता काढून काय उपेग, बाई? राग लय आला, आन् कीवबी आली. माझ्या लेकीएवढी ती.

दिवस मावळायला ग्यानबाचा फोन आला. "दत्तराव लय भला माणूस हाय," म्हणला. "जेवाया घातलं मला. तूबी ये. पोरांना घेऊन ये." शाळेत धडा वाचल्यावानी बोलायला व्हता. मधीच बाजूला कुणीतरी खोकललं.

मोडल्या हातानं रातरात कण्हलेला माझा नवरा दत्तरावाला भला म्हणत न्हाई. आन् पोरांना त्या रानात घेऊन ये, असं त्यो मेला तरी सोताहून म्हणणार न्हाई.

"व्हय, निघालेच," मी म्हणले. आवाज हलू दिला न्हाई. पलीकडं ग्यानबानं लांब श्वास सोडला, आन् फोन बंद झाला.

मग मी दोन्ही पोरांचे हात धरले आन् दत्तरावाच्या रानाच्या उलट्या वाटंनं गंगाखेडचा रस्ता धरला. ग्यानबाला तिथंच ठिवून.