अकरा हजार पाहुण्यांचा अहवाल

‘गेल्या तीन महिन्यांत सदर संकेतस्थळास अकरा हजार दोनशे पन्नास अभ्यागतांनी भेट दिली. त्यांपैकी एकानेही काम दिले नाही. सबब, जुन्या पुस्तकांच्या दुरुस्तीस आता मागणी उरलेली नाही, हे सिद्ध होते.’

अहवाल गुळगुळीत कागदावर चार रंगांत छापलेला होता आणि तारेच्या स्प्रिंगमध्ये ओवलेला होता. चाळीस वर्षे सुईदोऱ्याने पुस्तके शिवणाऱ्या सासूच्या हाती जावयाने स्प्रिंगचे बाड ठेवावे, यातला विनोद जावयाच्या लक्षात आला नव्हता. मोठीच्या आला, पण ती हसली नाही.

मोठी ही या सासूची, म्हणजे धाकटीची, सख्खी बहीण. एकतीस वर्षे ग्रंथपाल होती. सहकारी तिच्या माघारी तिला ‘अनुक्रमणिका’ म्हणत, कारण काहीही विचारले तरी उत्तर पृष्ठांकासह मिळे. धाकटी भाड्याच्या दोन खोल्यांत फाटकी पुस्तके दुरुस्त करी. जुनी गिऱ्हाइके थकली, नवी येईनात, म्हणून संकेतस्थळे बांधून देण्याचा व्यवसाय करणाऱ्या जावयाने पाच महिन्यांपूर्वी तिच्यासाठीही एक बांधले होते. त्याचा निकाल आता हाती आला होता, आणि त्यावर विसंबून धाकटीने ठरवले होते की महिनाअखेरीस, म्हणजे सव्वीस दिवसांनी, खोल्या सोडायच्या आणि लेकीकडे राहायला जायचे.

“दोन-चार माणसं आली असती ना, ताई, तर म्हटलं असतं, लोकांना ठाऊक नाही,” दाबयंत्राचा दांडा फडक्याने पुसत धाकटी म्हणाली. “पण अकरा हजारांनी येऊन नाक मुरडलं. म्हणजे संपलंच की गं.”

मोठीला राग आला तो या वाक्याचा. तिच्या रागाची एक खोड होती. तो चढत नसे, गोठत असे. दुकान चालत नाही असे कोणी म्हटले असते तर तिने ऐकून घेतले असते, कारण दुकाने बंद पडतातच. पण तीन वाक्यांच्या एका कागदाने चाळीस वर्षांच्या हातांना निरुपयोगी ठरवले होते, आणि ते हात मुकाट्याने फडके फिरवत होते.

तिने जावयाला फोन लावला. “जावईबापू, या आकड्यांचा तपशील कुठे पाहायला मिळतो?”

“मावशी, तुम्ही कशाला डोकं शिणवता? फार तांत्रिक असतं ते.”

“शिणायला डोकं माझंच आहे. तुम्ही फक्त किल्ली द्या.”

जावयाने हसत हसत पासवर्ड दिला. म्हातारी दोन पाने चाळेल आणि चष्मा पुसत उठेल, असा त्याचा कयास असावा. ज्या बाईने एकतीस वर्षे वाचनालयाच्या दारातली हजेरीवही स्वतः जुळवली, तिच्यापुढे आपण अभ्यागतांचा तक्ता उघडा टाकतो आहोत, हे त्याला उमगले नाही. विद्वत्तेचा अपमान करणारे लोक बहुधा विद्वत्तेच्याच हाती कागद देऊन मोकळे होतात.

नव्वद दिवस, अकरा हजार दोनशे पन्नास माणसे. रोजची सव्वाशे. ही सरासरी नव्हती. रोज खरोखरच सव्वाशे माणसे आली होती. सुट्टीच्या दिवशी सव्वाशे, कामाच्या दिवशीही सव्वाशे. मोठीच्या वाचनालयात परीक्षेच्या आधी तीनशे डोकी येत आणि निकालानंतर कुत्रे फिरकत नसे. माणसांना सर्दी होते, लग्ने असतात, कंटाळा येतो. हे सव्वाशे मात्र पलटणीसारखे येत होते. प्रत्येक जण पहिल्याच पानावर उतरला होता, दोन सेकंद थांबला होता आणि निघून गेला होता. दुकानाचा पत्ता तर एकानेही उघडला नव्हता. आणि या गर्दीच्या आधीचे दोन महिने पाहावेत, तर एकूण भेटी एकवीस, त्यांतल्या सोळा धाकटीच्या स्वतःच्या!

“तुझ्याकडे अकरा हजार माणसं आलीच नाहीत,” मोठी म्हणाली. “ही यंत्रं आहेत. भाड्याने आणलेली.”

“काहीतरीच! जावई कशाला असं करतील? गुणी आहेत गं ते.”

“जावयाला दहावा ग्रह उगाच म्हणत नाहीत. पण ग्रहाचं नंतर बघू. आधी मला सांग, खरी माणसं का आली नाहीत?”

तिने शोधयंत्रात ‘जुनी पुस्तके दुरुस्ती’ असे लिहिले. पंधरा पाने चाळली, धाकटीचे दुकान नाही. मग दुकानाचे नाव लिहिले, जसेच्या तसे, पाटीवरचे. तरीही नाही. इथे ती थांबली. मागे पडणे वेगळे आणि नसणे वेगळे. पुस्तक फडताळात आहे पण यादीत त्याची नोंद नाही, असे वाचनालयात अनेकदा घडे. वाचकाच्या लेखी असे पुस्तक लिहिलेलेच नसते, मग ते कितीही थोर असो. अशा वेळी पुस्तकाला दोष देण्याची पद्धत मात्र वाचनालयात नव्हती.

बांधणीपूर्वी छापील पानांचे फर्मे लावावेत तशी तिने त्याच पासवर्डने उघडणारी संकेतस्थळाची एकेक मांडणी क्रमाने तपासली. चौथ्या पानावर तळाशी एक छोटा चौकोन होता, त्यात बरोबरची खूण होती, आणि शेजारी स्वच्छ शब्दांत लिहिले होते, ‘शोधयंत्रांनी या संकेतस्थळाची नोंद घेऊ नये.’

“म्हणजे काय?” धाकटीने विचारले.

“म्हणजे पाटी लावली आणि तिच्यावर चादर टाकली.”

मोठीने खूण काढली. मग तिने दुकानाविषयीचा मजकूर वाचला. ‘वारसा-दस्तऐवजांसाठी समग्र संवर्धन-सुविधा.’ वाचनालयाच्या खिडकीपलीकडून तिला असे कोणीही, कधीही विचारले नव्हते. लोक विचारत, ‘ते जाडं निळं पुस्तक, ज्यात शेवटी डॉक्टर मरतो.’ ज्याला शोधायचे त्याच्या तोंडचा शब्द नोंदीत नसेल, तर नोंद असून नसल्यासारखीच.

“तुझ्या टेबलावर पुस्तक ठेवताना माणसं काय म्हणतात? अगदी त्यांच्या शब्दांत सांग.”

“काय म्हणणार? कुत्र्याने कोपरा खाल्ला म्हणतात. शब्दकोशाचं पाठीचं हाड मोडलं म्हणतात. एक बाई आल्या होत्या, आईची पदार्थांची वही घेऊन, तेलाने पानं चिकटलेली. त्या काही बोलल्याच नाहीत, नुसती वही ठेवली आणि रडल्या.”

“लिहिते आहे. थांबू नकोस.”

पुढचे आठ दिवस दोघी बहिणी टेबलाच्या दोन बाजूंना बसल्या. संकेतस्थळावर प्रत्येक दुखण्याला एक पान, आणि पानाचे नाव म्हणजे गिऱ्हाइकाचाच प्रश्न. खाली धाकटीने काढलेले आधीचे आणि नंतरचे छायाचित्र, किती दिवस लागतील, आणि काय दुरुस्त होणार नाही, हेही. शेवटचे धाकटीला पटत नव्हते. “आपलं उणं आपणच सांगायचं?” मोठी म्हणाली, “नाही म्हणणाऱ्या वैद्यावरच माणसं भरवसा ठेवतात.” मग तिने आपल्या जुन्या वाचनालयाला, एका शाळेला आणि एका मुद्रकाला पत्रे लिहिली, की तुमच्या संकेतस्थळावर आमचा उल्लेख करा. शोधयंत्राचा कायदा तिला पाठच होता, कारण तो पंडितांचाच होता. ज्याला इतर उद्धृत करतात, तो पुढे बसतो.

बाराव्या दिवशी दुकानाचे नाव शोधात दिसले. पंधराव्या दिवशी कुत्र्याचे पान दुसऱ्या क्रमांकावर आले. सतराव्या दिवशी एका अनोळखी शिक्षकाचे पत्र आले. त्याच्या कुत्र्याने शब्दकोशातली ‘क’पासून ‘ग’पर्यंतची पाने फस्त केली होती, आणि आपले पुढचे आयुष्य त्या शब्दांवाचून कसे जायचे, असे त्याने विचारले होते. धाकटी इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावे लागले. भेटी त्या दिवशी फक्त चौदा होत्या. पण पाच जणांनी पत्ता उघडला होता. तेविसाव्या दिवसापर्यंत टेबलावर अकरा पुस्तके आली, आणि पंचविसाव्या दिवशी धाकटीने घरमालकाला कळवले की खोल्या सोडत नाही.

सव्विसाव्या दिवशी सकाळी जावई रिकामी खोकी घेऊन आला. सामान बांधायला मदत करतो, असे त्याने आपणहून सांगितले होते. दारातच तो थबकला. दाबयंत्रात तीन पुस्तके होती, आणि धाकटी मान खाली घालून चौथे शिवत होती.

“अरे वा, आई! निरोपाची कामं का?”

“नाही हो. सुरुवातीची.”

मोठीने स्प्रिंगचा अहवाल त्याच्यासमोर ठेवला, त्यावर तक्ता, आणि त्यावर त्या चौकोनाचे छापील चित्र. ती आवाज चढवून बोलली नाही.

“जावईबापू, रोज न चुकता सव्वाशे. इतकी शिस्त मी शाळेतसुद्धा पाहिली नाही.”

“मावशी, ते म्हणजे... या धंद्यात सगळेच थोडंफार करतात.”

“सगळे काय करतात हे मी विचारलं नाही. चूक होते. माझ्या हातूनही पुस्तकं चुकीच्या फडताळात गेली आहेत. पण मी वाचकाला असं लिहून दिलं नाही, की हे पुस्तक कुणालाच नको होतं.”

“ताई, पुरे आता,” धाकटी म्हणाली. “घरातली गोष्ट आहे.”

“घरातली आहे म्हणून तर घरात विचारते आहे. अहवाल लेखी होता, खुलासाही लेखी हवा. शेवटचं पान कोरं आहे.”

जावयाने सासूकडे पाहिले. सासूने सुई थांबवली होती. त्याने खुर्ची ओढली, खिशातले पेन काढले, आणि बराच वेळ तो लिहीत राहिला. त्याने लिहिलेले, अक्षरही न बदलता, असे:

‘बांधकाम चालू असताना अर्धवट संकेतस्थळ कुणाला दिसू नये म्हणून ती खूण मीच केली होती आणि नंतर काढायला विसरलो. दोन महिने कुणी आलं नाही तेव्हा कारण शोधण्याऐवजी मी भेटी विकत घेतल्या. खूण मला तिसऱ्या महिन्यात दिसली होती. तेव्हा ती काढली असती तर खरी माणसं आली असती आणि आधी का येत नव्हती हे आईंनी विचारलं असतं. दुकान बंद झालं असतं तर कुणीच काही विचारलं नसतं.’