नथ नसलेला फोटो

मृणालिनीबाईंनी मोबाइल ओट्यावर, अनसूयामावशींच्या सुपाशेजारी, जवळजवळ आपटलाच.

मावशी सुकट निवडत होत्या. राई गावातली तीन पिढ्यांची लग्नं त्यांच्या धवल्यांशिवाय, त्या लग्नगाण्यांशिवाय, लागली नव्हती. बाईंच्या सुट्टीच्या वर्गातल्या मुलांनी मावशींवर इंटरनेटवरच्या एका मुक्त ज्ञानकोशात पान लिहिलं होतं. वर वर्तमानपत्रातला त्यांचा फोटो लावला होता, नथ घातलेला, झकास. काल कोशवाल्यांनी तो काढून टाकला.

"दुसऱ्याच्या मालकीचा म्हणे. मी कळवलं, परवानगी नसली तरी मुलांच्या शिक्षणासाठी आहे, उचित वापर धरा. तर उत्तर काय? व्यक्ती हयात आहे, नवा फोटो काढता येईल, म्हणून उचित वापर लागू नाही."

मावशींचा हात सुपात थांबला.

"म्हंजे मी मेल्यावर चालंल?"

"अर्थ तोच."

"न मालक कोन?"

"ज्यानं काढला तो. नाहीतर त्याचं वर्तमानपत्र."

"त्यो पोर? मना बोलला, आजी, नथ घाल. नथ शेजारनीची. कुठं छापतंय ता इचारला पन न्हाय. तोंड माजा न मालक त्यो?"

"तोंड कुणाचंही असो, हक्क काढणाऱ्याचा." पाढे शिकवताना कधी चढला नव्हता एवढा बाईंचा आवाज चढला. "आणि मुलांनी एवढे कष्ट घेतलेले!"

"तुमी तरी मना कवा इचारलाव?"

वर्ग इथून हाकेच्या अंतरावर भरत होता. बाईंनी पदराने चष्मा पुसला.

"आता विचारते. काढू फोटो? पण त्या कोशात टाकला की तो कुणीही वापरील."

"वापरू दे. धवलं काय मी कुलपान ठेवलीत?" मावशींनी हात झटकले आणि मोबाइल उचलला. "कंचा बटन?"

"अहो, मी काढते ना."

"हक्क काढनाऱ्याचा बोललाव ना?"

बाईंनी बटण दाखवलं. मावशींनी हात लांब केला.

फोटोत कपाळ अर्धंच आलं. नथ नव्हती. सूप होतं, आणि कोपऱ्यात बाईंचं उघडं तोंड.

"आणखी एक काढूया? नीट?"

"न्हाय. योच."

संध्याकाळी वर्गात मुलं पोट धरून हसली. बाईंनी हसू दिलं, मग छायाचित्रकाराच्या नावापुढे 'अनसूया भोईर' असं लिहून घेतलं.

"बाई," क्षितिजाने विचारलं, "कोपऱ्यातल्या तुम्हाला कापून टाकू?"

"त्यांना विचारून ये," बाई म्हणाल्या. "फोटो त्यांचा आहे."